सूक्ष्मजीवांवर चालणारं वीज-हायड्रोजन किट: विजेसाठी घेऊ नका, हायड्रोजनसाठी घेणार असाल तर आधी हे वाचा

पाचपैकी तीन स्टार देतोय. दोन कुठे कापले ते नीट लिहितो, कारण या किटचे जे रिव्ह्यू सापडतात ते एकतर "वा वा, कचऱ्यातून वीज" छापाचे असतात नाहीतर "एलईडी लागला नाही, पैसे पाण्यात" असे. दोन्हीत कामाचं काही नसतं. मी फूड प्रोसेसिंग प्लांटच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर काम करतो, दिवसभर सीओडी (पाण्यातला सेंद्रिय कचरा मोडायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा), पीएच आणि गाळ याच्यातच असतो, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. एलईडी लागला का यापेक्षा पाणी किती साफ झालं आणि त्यातली ऊर्जा कुठे गेली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता वस्तू. चार पारदर्शक ॲक्रिलिकच्या डब्या, प्रत्येकीत पाव लिटर पाणी मावतं. आत कार्बन फायबरचा ब्रश, अगदी बाटली धुवायच्या ब्रशसारखा, तो झाला ॲनोड, म्हणजे बॅक्टेरिया जिथे इलेक्ट्रॉन सोडतात ते टोक. एका बाजूच्या भिंतीत एअर कॅथोड, म्हणजे ते इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला देणारं दुसरं टोक: कार्बनचं कापड, आतून ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर आणि बाहेरून पाणी गळू नये म्हणून वॉटरप्रूफ कोटिंग. सोबत रेझिस्टरांचं पाकीट, क्लिपवाल्या वायरी, स्टीलच्या जाळीचे चार तुकडे, बंद झाकणं, गॅस बॅगा आणि ०.२ पासून १ व्होल्टपर्यंत सेट करता येणारा छोटा पॉवर सप्लाय. मोड दोन. एअर कॅथोड लावून चालवलं की मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे वीज बाहेर येते. एअर कॅथोड काढून त्या जागी स्टीलची जाळी बसवली, डबी हवाबंद केली आणि वरून थोडं व्होल्टेज दिलं की मायक्रोबियल इलेक्ट्रोलिसिस सेल, म्हणजे हायड्रोजन. ही अदलाबदल एकाच डबीत करता येते हा या किटचा सगळ्यात मोठा गुण, आणि ब्रशची क्वालिटी खरंच चांगली आहे, टायटॅनियमच्या तारेवर गुंडाळलेला आहे, गंज नाही काही नाही.

सूक्ष्मजीव बॉक्समध्ये येत नाहीत, हे आधीच सांगतो कारण बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. माहितीपत्रकात "बागेतली माती घाला" लिहिलंय, चालते तीही, पण जवळपास चालू ॲनेरोबिक डायजेस्टर (हवेशिवाय कचरा कुजवून बायोगॅस करणारी टाकी) असेल तर त्याचा गाळ घ्या नाहीतर सांडपाण्याच्या प्लांटवरचं कच्चं पाणी घ्या, त्यात हवी ती मंडळी आधीपासून असतात. मी गाळ घातला, थोडा सोडियम ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या ॲसिडचं मीठ, बॅक्टेरियांना खाद्य म्हणून) घातला, १००० ओहमचा रेझिस्टर लावला आणि सोडून दिलं. सुरुवातीला मल्टिमीटरवर काही म्हणजे काहीच नाही. आकडा शून्याच्या आसपास लोळत असतो आणि माणसाला वाटतं किट डेड आहे. नाहीये. ब्रशवर थर बसायला वेळ लागतो, आणि एकदा बसायला लागला की व्होल्टेज झपाझप चढतं. चारपैकी एक डबी बाकीच्यांच्या बरीच मागे होती, तिच्यात गाळ कमी पडला असावा, पण शेवटी तीही आली लाइनीवर.

थर बसल्यावर ब्रश काढून उजेडात बघा. काळ्या कार्बनवर फिकट लालसर-नारिंगी साय दिसते. तो रंग जिओबॅक्टर जातीच्या बॅक्टेरियांच्या सायटोक्रोम नावाच्या प्रोटीनचा. आपल्या रक्ताला लाल करणारं लोहवालं हीम असतं ना, तेच या प्रोटीनमध्ये ठासून भरलेलं असतं. हे जीव डेरेक लव्हली या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडले. तिथे ऑक्सिजन नसतो म्हणून हे बाबा अन्न खाल्ल्यावर उरलेले इलेक्ट्रॉन गाळातल्या लोखंडाच्या ऑक्साइडवर सोडून देतात. आपण त्यांना लोखंडाच्या जागी कार्बनचा ब्रश देतो आणि ब्रशला वायर जोडतो, एवढीच काय ती चलाखी. इलेक्ट्रॉन पेशीबाहेर काढायला त्यांच्याकडे नॅनोवायर असतात. त्या पिलायच्या (पेशीवरच्या केसासारख्या प्रोटीनच्या तंतूंच्या) असतात असं बरीच वर्षं मानलं जायचं, २०१९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितल्यावर कळलं की निदान ज्या बघितल्या त्या सायटोक्रोम एकापुढे एक रचून बनलेल्या होत्या. किटच्या माहितीपत्रकात अजून जुनंच चित्र छापलेलं आहे. त्यासाठी स्टार कापला नाही, पण छापताना बघायला काय जातं.

आता खरी परीक्षा, खाद्य. माहितीपत्रक म्हणतं "कुठलाही अन्नउद्योगातला द्रव कचरा चालेल". मी तीन गोष्टी घालून बघितल्या, चीज करताना उरणारं व्हे, ज्यूसच्या टाक्या धुतलेलं पाणी आणि बटाट्याचं स्टार्चचं पाणी. व्हे तर थेट घालूच नका. त्याचा सीओडी लिटरला ६०-७० ग्रॅमच्या घरात असतो, एवढं घट्ट जेवण या डबीला झेपत नाही, मी भरपूर पाणी घालून पातळ केलं. आणि एक गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नाही जी पहिल्या पानावर हवी होती. जिओबॅक्टर साखर खात नाही. लॅक्टोज, ग्लुकोज, स्टार्च यातलं काहीच तो खात नाही, त्याला लागतं ॲसिटेट किंवा तसलंच छोटं सेंद्रिय ॲसिड, नाहीतर हायड्रोजन. म्हणजे आधी दुसऱ्या बॅक्टेरियांनी साखर आंबवायची, ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट करायचं आणि मग ते ब्रशवाल्यांनी उचलायचं. डबीत ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असतात आणि आंबवणारे असतात प्रचंड फास्ट, ब्रशवाले स्लो. परिणाम काय तर साखरेचं पाणी घातलं की पीएच धाडकन खाली येतो, ६ च्या खाली गेला की करंट बसतो, आणि झाकण उघडलं की आंबट कुबट असा वास येतो जो हातालाही चिकटून राहतो. ज्यूसच्या पाण्याने मला हाच त्रास सगळ्यात जास्त दिला. स्टार्चवालं त्यामानाने शहाण्यासारखं वागलं कारण स्टार्च हळूहळू तुटतो, आंबवणाऱ्यांना एकदम घबाड मिळत नाही.

यावर किटमध्ये उपाय दिलाय, "परफॉर्मन्स बूस्टर" नावाची पावडरची पाकिटं. ती म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, फॉस्फेट बफर आहे. घातली की पीएच सावरतो, पाण्याची वाहकता वाढते आणि आकडे एकदम देखणे दिसतात. इथे माझा पहिला स्टार गेला. कारण बॉक्सवर जो पॉवरचा आकडा छापलाय तो बफर आणि शुद्ध ॲसिटेटवर घेतलेला आहे आणि हे बारीक अक्षरात आतल्या पानावर लिहिलंय. खऱ्या प्लांटमध्ये टाकीभर फॉस्फेट कोण ओतणार, आणि ओतलं तर ते पुढे नदीत जाऊन शेवाळ वाढवणार, मग ते परत काढायचा खर्च वेगळा. बफर न घालता खऱ्या पाण्यावर चालवलं तर छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावर पण मी पोचलो नाही. ज्यांना हे किट शाळा-कॉलेजात दाखवायचंय त्यांनी खुशाल बफर वापरावा, पण ज्यांना आपल्या कारखान्याचं पाणी तपासायचंय त्यांनी ती पाकिटं बाजूला ठेवून स्वतःचं पाणी जसं आहे तसं घालावं, गरज लागली तर थोडा खायचा सोडा, बस.

वीज मोडचं एकदा निस्तरून टाकतो. डबी नीट चालत असताना १००० ओहमवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं. म्हणजे अर्धा मिलिअँपिअर, म्हणजे पाव मिलिवॅट. रेझिस्टर कमी केला की करंट वाढतो आणि व्होल्टेज पडतं, सगळ्यात चांगल्या जागी पकडलं तरी एका डबीतून मिलिवॅटच्या आसपासच. साध्या लाल एलईडीला दोन व्होल्टच्या जवळपास आणि काही मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे किटमध्ये एक कपॅसिटरवालं सर्किट दिलंय जे वीज साठवून साठवून एलईडीला टिचकी मारतं आणि तो लुकलुकतो. बघायला मजा येते, पाहुणे खूश होतात. पण ॲसिटेट आणि ऑक्सिजन यांच्यातला फरकच कागदावर १.१ व्होल्टचा आहे, कितीही भारी इलेक्ट्रोड लावा, एका सेलमधून त्याच्या वर जाणार नाही, आणि चालू करंटवर त्यातलं निम्मंही हाती लागत नाही.

मग लोक म्हणतात चार डब्या सिरीजमध्ये जोडा. जोडल्या. इथे एक गंमत होते जी प्रत्येकाने एकदा बघावी. चारपैकी एका डबीतलं खाद्य आधी संपतं, बाकीच्या तीन तिच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि तिची पोलॅरिटी उलटी होते, मल्टिमीटर तिच्यावर मायनस दाखवतो. म्हणजे ती डबी द्यायच्या ऐवजी खायला लागते, आणि तशीच ठेवली तर ब्रशवरचा थर पण बिघडतो. माहितीपत्रकात सिरीजचं चित्र अगदी रंगीत आहे, या उलटण्याबद्दल चकार शब्द नाही. तसं बघायला गेलं तर सिरीज ही फार जुनी आयडिया आहे. १९११ मध्ये पॉटर यांनी यीस्ट आणि बॅक्टेरियांपासून वीज निघते हे दाखवलं आणि १९३१ मध्ये कोहेन यांनी अशा बऱ्याच सेल जोडून ३५ व्होल्टपर्यंत नेलं, पण करंट फक्त २ मिलिअँपिअर. तेव्हापासून आजपर्यंत रडगाणं तेच आहे.

आता थोडं गणित, कारण यावरच माझं मत उभं आहे. एक किलो सीओडी म्हणजे १२५ मोल इलेक्ट्रॉन. त्यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन पकडला आणि ०.३ व्होल्टवर वीज काढली तर बरोब्बर एक युनिट मिळतं. एक. आणि हे शंभर टक्के पकडल्यावर, जे खऱ्या पाण्यात होत नाही, निम्म्याहून जास्त इलेक्ट्रॉन इतर बॅक्टेरिया, मेथेनवाले आणि कॅथोडमधून आत झिरपणारा ऑक्सिजन मिळून खाऊन टाकतात. तोच एक किलो सीओडी साध्या बायोगॅस डायजेस्टरला दिला तर ०.३५ घनमीटरपर्यंत मेथेन मिळतो, त्यात साडेतीन युनिटची उष्णता असते, गॅस इंजिनवर त्याची एक-सव्वा युनिट वीज सहज होते, आणि ते तंत्र तर कितीतरी वर्षांपासून कारखान्यांत धावतंय. म्हणजे विजेच्या शर्यतीत हे किट सुरू व्हायच्या आधीच हरलेलं आहे. तरी एक बाजू मांडली पाहिजे, एरोबिक टाकीत हवा फुंकायला किलोमागे अंदाजे युनिटभर वीज आपण उलटी खर्च करतो आणि वर ढीगभर गाळ तयार होतो, इथे हवा फुंकायची नाही आणि गाळ पण कमी. तेव्हा "वीज देणारं यंत्र" म्हणून नाही तर "वीज न खाणारं पाणी साफ करणारं यंत्र" म्हणून विकलं असतं तर मी भांडलो नसतो. पातळ पाण्यावर, म्हणजे जिथे डायजेस्टर नीट चालत नाही तिथे, याला जागा आहे असं मला खरंच वाटतं. बटाट्याच्या पाण्याचा सीओडी यातून बाहेर आल्यावर छान उतरलेला होता, पाणी डोळ्यांनीच स्वच्छ दिसत होतं.

एअर कॅथोडबद्दल तक्रार आहे. सुरुवातीला बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत असते. नंतर हळूहळू बाहेरून पांढरे क्षार फुटायला लागतात, मग थेंब दिसतात, मग ओल पसरते. आतून पण चिकट बुळबुळीत थर चढतो, जो ब्रशवरच्यासारखा कामाचा नसतो, तो फक्त वाटेत बसतो. पॉवर घसरते ती याच्यामुळे, ब्रश बिचारा ठीक असतो. आतला थर प्लास्टिकच्या पट्टीने हळूच खरवडला आणि सौम्य ॲसिडमध्ये बुडवून क्षार काढले तर बरीचशी पॉवर परत येते, पण पहिल्यासारखी नाहीच. किटमध्ये स्पेअर कॅथोड नाही, वेगळा मागवावा लागतो. रबराच्या गॅस्केटचीही तीच गत, माझ्या दोन डब्या पहिल्यापासून खालच्या कोपऱ्यातून घाम फुटल्यासारख्या गळत होत्या, सिलिकॉन लावून भागवलं. मोठ्या प्रमाणावरही अडचणी वेगळ्या नसतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, याटाला इथल्या फॉस्टर्सच्या ब्रुअरीत क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी तीन-तीन मीटर उंचीच्या बारा नळ्यांचा, साधारण एक घनमीटरचा प्लांट बिअरच्या सांडपाण्यावर उभा केला होता. तिथेही पाण्याची कमी वाहकता आडवी आली. म्हणजे बफरचं दुखणं माझ्या डबीपुरतं नाही.

तर आता हायड्रोजन मोड. बॉक्समध्ये खरी घेण्यासारखी गोष्ट ही आहे आणि कंपनीने ती शेवटच्या दोन पानांत उरकली आहे.

आयडिया अशी. पाणी नुसतं विजेने फोडायचं तर कागदावर १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात १.८ च्या पुढेच जावं लागतं. पण इथे ॲनोडवर बॅक्टेरियांनी ॲसिटेट खाऊन इलेक्ट्रॉन आधीच बऱ्यापैकी वर चढवून ठेवलेले असतात, हायड्रोजन होण्यापासून ते जेमतेम ०.१४ व्होल्टने कमी पडतात. तेवढा टेकू वरून द्यायचा. प्रत्यक्षात तोटे धरून ०.६ ते ०.८ लागतात, तरी पाणी फोडण्याच्या निम्म्याहून कमी. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीमधल्या ब्रूस लोगन यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या लोकांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. गणित बघा, ०.६ व्होल्टवर एक किलो हायड्रोजनला १६ युनिट लागतात, साध्या इलेक्ट्रोलायझरला ५० च्या वर. आणि त्या एक किलोत ३३ युनिटची ऊर्जा असते. जास्तीची कुठून आली तर सांडपाण्यातून. वीज मोडमध्ये व्होल्टेज कमी असणं हे दुखणं होतं, इथे व्होल्टेज आपणच देतो आणि बॅक्टेरियांकडून फक्त इलेक्ट्रॉन घेतो, जे त्यांच्याकडे भरपूर आहेत. शिवाय एअर कॅथोड जातो, म्हणजे क्षार, ओल, आत शिरणारा ऑक्सिजन, सगळी कटकट एकदम जाते. मला तरी हे जास्त पटतं.

अदलाबदल सोपी आहे, चार स्क्रू. पॉवर सप्लाय ०.७ ला ठेवला, आणि थोड्या वेळात स्टीलच्या जाळीवर बारीक बारीक बुडबुडे बसायला लागतात, मोहरीपेक्षा लहान, चिकटून राहतात आणि मग एखादा सुटतो आणि वर जातो. डबीला हलकेच टिचकी मारली तर सगळे एकदम सुटतात. हे बघत बसायला फार छान वाटतं, खोटं कशाला बोलू.

किती गॅस यायला हवा याचा हिशोब लक्षात ठेवा, किटमध्ये कुठेच नाही: १ मिलिअँपिअर दिवसभर चालला तर साधारण ११ मिलिलिटर हायड्रोजन. माझी डबी ५ मिलिअँपिअरच्या आसपास असायची म्हणजे दिवसाला ५५ मिलिलिटरपर्यंत अपेक्षित. पहिल्या काही दिवसांत याच्या बरंच जवळ येत होतं आणि मी जाम खूश होतो.

आणि मग गॅस कमी व्हायला लागला. करंट तसाच, उलट किंचित वाढलेला, पण बॅग फुगेना. गळती असेल म्हणून साबणाचं पाणी सगळीकडे लावून बघितलं, हायड्रोजन साध्या सिलिकॉन ट्यूबमधून झिरपतो हेही खरं आहे, ट्यूब बदलल्या, थोडा फरक पडला पण मूळ दुखणं तेच. मग प्लांटच्या लॅबमधल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (गॅसमध्ये काय काय किती आहे ते दाखवणारं यंत्र) सॅम्पल टाकलं आणि चोर सापडला, मेथेन. डायजेस्टरच्या गाळातून आलेले मिथेनोजेन, म्हणजे मेथेन बनवणारे सूक्ष्मजीव, जाळीवर आणि भिंतींवर ठाण मांडून बसलेले होते, चार भाग हायड्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड घेऊन एक भाग मेथेन करत होते. म्हणूनच आकारमान पडलं, चाराचा एक. ज्यांच्याकडे क्रोमॅटोग्राफ नाही त्यांच्यासाठी हीच खूण आहे, करंट टिकून आहे आणि गॅस पाव-तिहाईवर आला तर गळतीच्या आधी मेथेनचा संशय घ्या. करंट किंचित का वाढला त्यालाही कारण आहे, तयार झालेला हायड्रोजन ब्रशवरचे जिओबॅक्टर परत खातात, इलेक्ट्रॉन परत वायरीत येतात, परत हायड्रोजन होतो, म्हणजे तेच इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतात आणि मीटर आपल्याला सांगतो की काम जोरात चालू आहे. तेव्हा नुसत्या करंटवर भरवसा ठेवून कोणी कार्यक्षमतेचे आकडे सांगत असेल तर त्याला आधी गॅस दाखव म्हणा.

दुसरा स्टार इथे गेला, आणि तो मेथेन आला म्हणून नाही. मेथेन येणारच. २०११ मध्ये छापून आलेलं काम आहे, कॅलिफोर्नियात नापाच्या वाइनरीत हजार लिटरचा प्लांट वाइनच्या सांडपाण्यावर चालवला होता, सीओडी बऱ्यापैकी उतरला, गॅस पण निघाला, पण त्यातला ८६ टक्के मेथेन होता. स्टार गेला तो कंपनीच्या उत्तरामुळे. मी क्रोमॅटोग्राफचा आलेख जोडून मेल केला तर सपोर्टवाल्यांनी कळवलं की "तुमचं सॅम्पल दूषित असावं, आमच्या चाचणीत शुद्ध हायड्रोजन मिळतो". अहो, सांडपाणी आहे ते, दूषितच असणार! ॲसिटेट आणि बफरवर पहिल्याच आठवड्यात मोजलं तर कोणालाही शुद्ध मिळेल.

उपाय काय करता येतात? एक, दोन बॅचच्या मध्ये डबी रिकामी करून ब्रश आणि जाळी थोडा वेळ हवेत उघडी ठेवायची. मिथेनोजेनना ऑक्सिजन बिलकूल सोसत नाही, ब्रशवाले त्यामानाने सावरतात. मला याने फरक पडला, पण कायमचा नाही, ते परत येतातच. दोन, बॅच छोटी ठेवायची आणि गॅस डबीत तुंबू द्यायचा नाही, लगेच बाहेर काढायचा. तीन, ॲनोड आणि कॅथोडच्या मध्ये मेंब्रेन, म्हणजे एक पातळ पडदा, की हायड्रोजन एका खोलीत आणि बॅक्टेरिया दुसऱ्या खोलीत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी १२० लिटरचा सेल घरगुती सांडपाण्यावर प्रत्यक्ष प्लांटच्या जागेवर महिनोन्महिने चालवला, २०१३ मध्ये त्याचा पेपर आला, तिथे जवळजवळ शुद्ध हायड्रोजन मिळाला. पण प्रमाण फार थोडं, लिटरमागे दिवसाला १५ मिलिलिटर, आणि दिलेल्या विजेपैकी ७० टक्क्यांच्या आसपासच हायड्रोजनच्या रूपात परत आली. मेंब्रेनने रेझिस्टन्स वाढतो आणि दोन्ही बाजूंचे पीएच वेगळे व्हायला लागतात, तेही व्होल्टेज खातं. लॅबमध्ये मिथेनोजेन मारायची रसायनं वापरतात, ती कारखान्याच्या पाण्यात टाकायची गोष्टच नको. या किटमध्ये मेंब्रेन बसवायला खाच दिलेली आहे पण मेंब्रेन दिलेलं नाही, हा काय प्रकार आहे मला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. माहितीपत्रकात "गॅस हायड्रोजन आहे का ते काडी लावून तपासा" असं चित्रासकट दिलंय. कृपा करून असलं काही करू नका. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो, ज्वाला उजेडात दिसत पण नाही, आणि बॅगेत हवा शिरलेली असेल तर पाव लिटर गॅससुद्धा दचकवायला पुरेसा आहे. शिवाय मेथेन पण पेटतोच, मग तपासलं काय? कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शोषून काढा आणि उरलेला गॅस करंटशी ताडून बघा, अंदाज येतो. खिडकी उघडी ठेवून काम करा. सांडपाण्यात सल्फेट असेल तर हायड्रोजन सल्फाइडही निघतो, त्याचा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तोंड डबीवर नेऊन हुंगू नका.

किटसोबत एक काळी बाटली पण येते, "डार्क फर्मेंटर" म्हणून. माझ्या मते ही बाटली आधी वापरा. हिच्यात वीज नाही काही नाही, क्लोस्ट्रिडियमसारखे बॅक्टेरिया साखर आंबवून थेट हायड्रोजन देतात. गाळ आधी उकळून घ्यायचा म्हणजे मिथेनोजेन मरतात आणि क्लोस्ट्रिडियमचे स्पोर (उष्णता सोसणारे बीजाणू) टिकतात, पीएच साडेपाचच्या आसपास ठेवायचा. गॅस भसाभस येतो, डबीच्या कितीतरी पट वेगाने. मर्यादा एवढीच की एका ग्लुकोजमध्ये १२ हायड्रोजनइतके इलेक्ट्रॉन असतात आणि आंबवून जास्तीत जास्त ४ मिळतात, प्रत्यक्षात दोनच्या आसपास, बाकीचे ॲसिटेट आणि ब्युटिरेटमध्ये अडकून राहतात. आता ब्रशवाल्यांना काय आवडतं? ॲसिटेट. म्हणजे व्हे आणि ज्यूसचं पाणी आधी बाटलीत, बाटलीतलं आंबलेलं पाणी पीएच सावरून मग डबीत. असं जोडल्यावर मला ज्यूसच्या पाण्यानेही त्रास दिला नाही, पीएच कोसळायचा थांबला कारण साखर आधीच संपलेली होती. कंपनीने बाटली आणि डबी दोन वेगळे "प्रयोग" म्हणून दाखवलेत, एकत्र जोडायचं कुठेच सुचवलेलं नाही, खरं तर अख्ख्या किटचा जीव त्या जोडण्यात आहे. तूपकट, तेलकट पाणी मात्र दोन्हीकडे घालू नका, फॅटी ॲसिड ब्रशला चिकटून बसतात आणि मग थर श्वास घेत नाही.

कोणी घ्यावं? कॉलेजच्या लॅबने घ्यावं, ईटीपीवाल्यांनी आपलं पाणी पारखायला घ्यावं, घरच्या कचऱ्यावर दिवा लावायचाय अशांनी अजिबात घेऊ नये. ऑर्डर करताना स्पेअर गॅस्केट, एक जादा एअर कॅथोड आणि गॅससाठी जाड भिंतीची ट्यूब सोबतच मागवा, नंतर मागवलं तर पार्सल यायला फार वेळ लावतात. पॉवर सप्लायवरचा आकडा दाखवतो एक आणि देतो एक, तेव्हा डबीच्या टोकांवर स्वतःच्या मल्टिमीटरने मोजून सेट करा, माझ्याकडे थोडा कमीच देत होता.

सध्या दोन डब्या बाटलीमागे जोडून हायड्रोजन मोडवर ठेवल्यात, एकीत मी बाहेरून आणलेलं मेंब्रेन घातलंय आणि एक तशीच, मेंब्रेनशिवाय. कोणी स्टीलच्या जाळीच्या जागी निकेलची फोम वापरून बघितली असेल तर खाली लिहा, आणि मेथेन किती दिवसांनी आला तेही लिहा, नुसता करंट नको.